एक नंबर, नऊ नावं

१९ जानेवारी २०२४, शुक्रवार. दुपारी ४ वाजून १० मिनिटे.

काकूंच्या मधल्या खोलीत, कॉम्प्युटरपुढे. कस्टमर मर्ज करतो आहे, म्हणजे दोन नोंदींची एक.

सकाळी पुण्याहून राहुलदादांचा (रा. दा.) फोन. आपल्या आईला, म्हणजे काकूंना, हे पापड-चिवड्याचं ऑनलाइन दुकान त्यांनीच उघडून दिलं, महिन्याचे पैसेही तेच भरतात. म्हणाले, आपला प्लॅन हजार कस्टमरचा आहे आणि यादीत ११८६ आहेत. महिनाअखेर वरच्या प्लॅनचे पैसे लागतील. डबल झालेले काढ.

फिल्टर लावला: एकच फोन नंबर, नावं वेगळी. पुष्कळ निघाले. एकेक उघडून दोन्हीकडचा पत्ता बघतो, मग मर्ज. दर वेळी विचारतं, हे परत फिरवता येणार नाही, पुढे जायचं का? दर वेळी वाचतो, मग ‘हो’ दाबतो.

सगळ्यांत घाण रेकॉर्ड रांझीच्या पुढच्या फॅक्टरी इस्टेटमधल्या वानखेडे मावशींचं. एक नंबर, नऊ नावं. पार्सल सगळी एकाच क्वार्टरला. फोनवर ऑर्डर घेताना काकू मनाला येईल ते टाकतात. गंमत म्हणून चार लिहून ठेवतो: ‘पपईच्या झाडाजवळची’. ‘टाईप टू वाली’. ‘नवीन सून’. ‘मराठी शिकून राहिली ती’. याला नाव म्हणत नाहीत. नऊची एक केली. वानखेडे, मालती. शुद्ध.

६ वाजता ९८७.

रा. दा. म्हणाले, शाबास. काकूंनी ताटली भरून चिवडा दिला.

२० जाने., शनि.

आज यादी वरून खाली पाहिली. एकही नाव दोनदा नाही. बरं वाटतं. बाबा असते तर त्यांना दाखवली असती. दहावीत मी एकदा नापास झालो तेव्हा ते रागावले नव्हते, पण वही उघडून ऱ्हस्व-दीर्घ मात्र तपासले होते. शाळा हिंदीची, मराठी लिहायला त्यांनीच शिकवलं.

५ फेब्रु., सोम.

शिवरात्र ८ मार्चला. काकूंचं डोकं चालू झालं. वरी महाग झाली आहे, तर यंदा ‘उपवासाची कोदो भगर’. अर्ध्या किलोचं पाकीट. कोदो म्हणजे कोद्रा, वरीसारखंच बारीक धान्य. कुंडम गावच्या रामसिंग भैयांकडून. पहिलं पोतं आलं, तीस किलो, साठ पाकिटं.

दुपारी काकूंनी शिजवून पाहिली. मीही खाल्ली. चांगली लागते. दाण्याची आमटी बरोबर होती.

घरी माझ्या आईला सांगितलं तर म्हणे, ‘कोदो उपासाला चालते?’

काकूंनी गुरुजींना विचारलं होतं. गुरुजी म्हणाले, तुमची श्रद्धा. काकू म्हणाल्या, ‘म्हणजे चालते.’

१३ फेब्रु., मंगळ.

पहिलं पोतं संपलं. लोक शिवरात्रीसाठी आधीच घेऊन ठेवून राहिले. दुसरं पोतं आज आलं. उद्यापासून यातली पाकिटं जातील. पाकिटावर तारखेचा शिक्का मीच मारतो, पोतं बदललं की तारीख बदलतो. काकू हसतात. ‘तुझं तर बँकेसारखं आहे बाबू.’

१६ फेब्रु., शुक्र.

वानखेडे मावशींचा फोन काकूंनी घेतला. अकरा पाकिटं. मला म्हणाल्या, ‘मावशीचे अकरा टाक.’ टाकले. मनात म्हटलं, एका घरात एवढी भगर कोण खातं. मावशीच्या यजमानांची गेल्या महिन्यात रिटायरमेंट झाली, असेल काही कार्यक्रम.

विचारलं नाही.

२७ फेब्रु., मंगळ. सकाळी ११.

अधारतालचे मानकर काका, रिटायर क्लार्क, त्यांचा फोन. शुगर आहे म्हणून त्यांनी भाताऐवजी कोदोच शिजवला, शिवरात्रीची वाट न बघता.

‘काय रे, भगरीत भांग घातली का? शिवरात्रीला अजून दहा दिवस आहेत.’

मी हसलो. ते हसत नव्हते. खाल्ल्यावर तासाभरात डोकं गरगरलं, हातपाय कापायला लागले, उलट्या. मुलानं दवाखान्यात नेलं, सलाईन. आता घरी आहेत. बोलताना जीभ अजून जड होती.

काकू म्हणाल्या, शुगर लो झाली असेल.

दु. २.३०. भोपाळहून ठेंगडी आजी. दोघं नवरा-बायको. तसंच. गरगरणं, थरथर, उलट्या.

दोघांचीही ऑर्डर उघडली. दोन्ही १४ फेब्रुवारीनंतरच्या.

दु. ३.१०. कुंडमला रामसिंग भैयांना फोन लावला. आधी म्हणाले, माल चोख आहे. मग विचारलं, ‘कौन सा बोरा? बाद वाला?’ मी म्हटलं, हो, दुसरं पोतं.

‘वो खेत कटने के टाइम भीग गया था भैया. मतौना निकल गया होगा.’

मतौना म्हणजे पावसात भिजलेला, माजलेला कोदो. खाणाऱ्याला नशा चढल्यासारखं होतं. मी विचारलं, धुतल्यानं, शिजवल्यानं जातं का?

‘पकाने से नहीं जाता. हमारे घर तो नया कोदो पहले मुर्गी को डालते हैं. वो ठीक रही तो हम खाते हैं. आप लोग नहीं करते क्या?’

आम्ही पाकिटात भरतो आणि वर बेलाच्या पानाचं स्टिकर लावतो.

काकू खुर्चीवर बसल्या. वासही वेगळा नाही, रंगही वेगळा नाही, म्हणाल्या. दुसऱ्या पोत्याची त्यांनी चव पाहिली नव्हती.

२८ फेब्रु., बुध.

फिल्टर: वस्तू, कोदो भगर. तारीख, १४ फेब्रुवारी व नंतर. निकाल २९ कस्टमर, ४७ पाकिटं.

भरली होती साठ. विकली ४७, म्हणजे कपाटात तेरा हवीत. बारा निघाली. तीन वेळा मोजली. काकूंनी चौथ्यांदा मोजली. मग मला आठवलं.

एक काकूंनी आईला दिलं होतं. नुसतं हातात. डॅशबोर्डमध्ये आई नाही.

सायकल काढली. आई निवडत बसली होती, भगर नव्हे, मेथी. पाकीट डब्यात, बंद. मी ते घेतलं आणि उभाच राहिलो.

‘काहून रे, काय झालं? रंग पाहा तुझा.’

सांगितलं. आईनं माझ्या हातातल्या पाकिटाकडे पाहिलं. म्हणाली, ‘मग इथं काय करून राहिला? बाकीच्यांना सांग.’

रा. दा. म्हणाले, सगळ्यांना मेसेज टाकू नको, ज्यांनी कोदो घेतला नाही ते पण घाबरतील. फक्त त्या २९ ना. काकू म्हणाल्या, मेसेज कोण वाचतं, फोन कर. एकेकाला कर आणि खरं सांग. पैसे परत देऊ म्हण.

पद्धत ठरवली. नावानुसार यादी, वरून खाली. जो स्वतः म्हणेल की पाकीट शिजवणार नाही, त्याच्याच रेकॉर्डला टॅग: ‘कळवलं’. घरातल्या दुसऱ्या कुणी ऐकलं तर टॅग नाही. फोन उचलला नाही तर दर तासानं पुन्हा.

आज ११ झाले. मानकर काका आणि ठेंगडी आजी त्यातच.

२९ फेब्रु., गुरु.

दहा. एकूण २१. एक बाई ओरडल्या. एक म्हणाल्या, बरं झालं सांगितलं, आमच्याकडे शंभर लोकांचा फराळ होता. एका आजोबांना ऐकू येत नव्हतं, त्यांच्या नातवाला फोन धरायला लावला आणि आजोबांनीच ‘हो, फेकतो’ म्हणेपर्यंत ठेवला नाही.

गावातली पाकिटं परत आणून राहिलो आहे. बाहेरगावच्यांना म्हटलं, नाल्यात टाका, गायीला घालू नका, फोटो पाठवा.

उरलेली पाकिटं पुढचा आठवडाभर कपाटात बंद राहतील. आणि मग शिवरात्रीला, एकाच दिवशी सगळी उघडतील.

१ मार्च, शुक्र.

सकाळपासून सात. दुपारी २ ला शेवटचं नाव. वानखेडे.

स्विच ऑफ.

३ ला, ४ ला, ५ ला, ६ ला, ७ ला. स्विच ऑफ.

२ मार्च, शनि.

सायकलनं रांझी, तिथून इस्टेट. गेटवर गार्ड. नाव आणि क्वार्टर सांगितल्याशिवाय आत सोडत नाहीत, मग तो त्या घरी विचारतो, मग सोडतो.

मी म्हटलं, वानखेडे.

‘वानखेडे जी तो परिक्रमा में गए. कल सुबह बस निकली. ताला है.’

नर्मदेची परिक्रमा. बसनं, सोळा दिवस. यजमान रिटायर झाल्यावर जायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं म्हणे.

मला क्षणभर बरंच वाटलं. घर बंद तर भगर बंद. गार्डला तसं म्हटलंही: त्यांच्याकडे अकरा पाकिटं आहेत, आता राहू द्या.

तो हसला. ‘ग्यारह? अरे वो सबका सामान मंगाती हैं. घर में एक ही मोबाइल, वो भी आदमी लोग का, यहीं गेट पे जमा रहता है. कोई पार्सल आए तो फोन उठाए कौन? इसलिए सब उन्हीं का नंबर लिखवाते हैं. और किसके यहाँ जाना है, बोलो, पूछ लेता हूँ.’

और किसके यहाँ.

मी म्हटलं, पता नहीं.

‘तो फिर?’

तिथेच कळलं. एक नंबर, नऊ नावं. नऊ घरं.

गार्डला विचारलं, पपईच्या झाडाजवळ कोण राहतं? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी सायकल वळवली.

३ मार्च, रवि.

ही वही उघडली. १९ जानेवारीला गंमत म्हणून चार लिहिली होती. तेवढीच उरली. मावशी धरून पाच. बाकी चार आठवत नाहीत. एकात गेट होतं. एकात मशीन की काय. सकाळपासून तेच.

१० वाजता काकूंकडे गेलो. त्या पापडाचं पीठ मळत होत्या. उभ्यानंच सांगितलं. मावशीच्या नंबरवर नऊ बाया होत्या, मी त्यांची एक केली, परत होत नाही. तुम्हाला नावं आठवतात का?

‘मी कुठं पाहिलं त्यांना बाबू? मावशी फोनवर सांगे, एक शिवणवाली आहे, एक नवीन सून आहे. मी तेच लिहून ठेवलं. पुढच्या वेळी मावशी म्हणे, पपईवालीला या वेळी तिखट कमी, की मला समजे.’ पिठाचा गोळा उलटला. ‘म्हणूनच तर लिहिलं होतं.’

शिवणवाली. सहा.

मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही उगाच लिहिलं.

त्यांनी पीठ झाकलं, हात धुतले. मग म्हणाल्या, ‘विचारायचं नं रे. मी स्वयंपाकघरातच असते.’

आणखी एक गोष्ट सांगायची होती, ती सांगायला वेळ लागला. मी नावानुसार फोन केले. वानखेडे सगळ्यांत खाली. २८ ला आणि २९ ला मावशी घरीच होत्या, फोन चालू होता. यादी पाकिटांच्या संख्येनुसार लावली असती तर अकरा सगळ्यांत वर आले असते. पहिला फोन त्यांनाच गेला असता. फिल्टर बरोबर होता. क्रम मी लावला.

रा. दा. ना फोन केला. त्यांनी कंपनीला विचारलं, मर्ज उलटता येत नाही. रागावले नाहीत. म्हणाले, ‘अरे यार.’ मग म्हणाले, ‘गलती माझी पण आहे, मीच म्हटलं होतं काढ.’ हे ऐकून जास्त वाईट वाटलं.

काकूंनी जेवायला वाढलं. मी ताट सरकवलं. म्हणाल्या, ‘उपाशी राहून कोणाचं भलं होणार आहे? जेव, आणि मग डोकं चालव.’

४ मार्च, सोम.

जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे जोडून पाटी केली. एका बाजूला हिंदी, एका बाजूला मराठी. ‘वानखेडे मावशींच्या नंबरवरून उपवासाची कोदो भगर घेतली असेल तर शिजवू नका. खराब आहे. कृपया थांबा.’ अक्षर मोठं, शिसपेन्सिलीनं रेघा मारून.

पाचला सुट्टीचा भोंगा. गेटवर उभा. सायकली, स्कूटर, पायी. बाहेर पडताना जो तो आपला मोबाइल घेतो आणि त्यातच बघत निघतो. पाटी कोण वाचणार. एक म्हणाला, ‘भैया, भगर क्या होती है?’ एक मराठी गृहस्थ थांबले, म्हणाले, आमच्या घरी काय आणलं ते मला काय माहीत, बायकोला विचारतो. गेले. आले नाहीत.

सव्वासहाला गेट रिकामं.

वानखेडे मावशी, स्विच ऑफ.

५ मार्च, मंगळ.

पुन्हा पाच वाजता. गार्डनं आज स्टूल दिलं. म्हणाला, ‘ऊपर खड़े हो जाओ, दिखेगा तो.’ स्टुलावर उभा राहिलो. लाज वाटत होती, नंतर वाटली नाही.

५.४०. एक गृहस्थ स्कूटर लावून आले. चष्मा वर करून पूर्ण पाटी वाचली, दोन्ही बाजू. नाव बोरकर.

‘ही भगर आमच्या घरी आहे. आमच्या घरात वानखेडे मावशीचाच नंबर चालतो. तू कोण?’

सांगितलं.

‘काय खराब आहे?’

तेही सांगितलं, पूर्ण.

त्यांनी गार्डला हात केला. ‘ये मेरे साथ है.’

त्यांचं क्वार्टर गेटच्या आत पहिलंच. आत शिरताना आठवलं. ‘गेटजवळची पहिली’. तेच होतं ते. सात.

बोरकर वहिनी पाकीट घेऊन बाहेर आल्या. बंद होतं. मी म्हटलं, शिजवणार नाही असं तुम्ही म्हणा. त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, ‘हा काय कोर्टातून आला का?’ मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘नाही शिजवणार.’

बाकीच्यांची नावं विचारली. वहीतली वाचून दाखवली. ‘टाईप टू वाली’ म्हटल्यावर त्या हसल्या. ‘टाईप टू क्वार्टर तर अर्ध्या कॉलनीत आहेत.’ ‘मराठी शिकून राहिली ती’ म्हटल्याबरोबर म्हणाल्या, ‘ती आमची ओडियाची लिपिका.’ एकेक नाव सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. राहिलेली दोन त्यांनीच सांगितली, भजनवाली आणि बाळंतीण. बाळंतीण. हे मी मर्ज केलं होतं.

उद्या दुपारी या, म्हणाल्या, मी सोबत येते. त्याआधी आज सगळ्यांना निरोप देते. मी म्हटलं, निरोप द्या, पण उद्या प्रत्येकीकडून मी ऐकीन.

६ मार्च, बुध.

बोरकर वहिनींबरोबर घरोघर. वेळेसह:

२.०५ शिवणवाली. १ पाकीट. बंद. मशीनवरून उठल्या नाहीत, पायानंच दाखवलं, खाली होतं.

२.२० लिपिका. १. बंद. मला म्हणाली, ‘मी शिजवणार नाही. बरोबर बोलली का?’ बरोबर बोलली.

२.३५ टाईप टू. २ पाकिटं, एक नणंदेसाठी. बंद.

३.०० बाळंतीण. १. बंद. बाळ झोपलेलं. हळू बोललो. तिची आई आली आहे, म्हणाली, बाळंतिणीला उपास कुठला, हे माझ्यासाठी होतं.

३.१५ भजनवाली. १. बंद. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, यात बाधा असते म्हणजे काय, करणी का? मी म्हटलं, नाही, पाऊस.

३.४० पपईच्या झाडाजवळची. इथं वेळ गेला. झाड मागच्या वर्षीच पडलं. बोरकर वहिनी म्हणतात दुसरी लाईन, एक मुलगा म्हणतो तिसरी. दोन्ही लाईनींत फिरलो. तिसरीत एका घरासमोर नुसतं खोड, त्यावर कपडे वाळत. १. बंद. त्यांचं नाव शोभा खापर्डे. लिहून ठेवलं, खोडही लिहून ठेवलं.

४.२० नवीन सून. सासूबाई म्हणाल्या, आहे कुठंतरी, हिनंच ठेवलं. सून आतून पाकीट घेऊन आली. एका कापडात गुंडाळलेलं, दोरा बांधलेला. माहेर कुंडमचं, वडलांचं किराणा दुकान.

‘मी आईंना म्हटलं होतं, यंदाचा कोदो आहे, एक पावसाळा जाऊ द्या, मग खाऊ. त्या म्हणाल्या, दुकानातून आलेलं आहे, तुला जास्त समजते का?’

बोरकर वहिनी म्हणाल्या, ‘समजते ना मग.’

बोरकर वहिनींचं धरून नऊ पाकिटं झाली. उरली दोन, मावशींची स्वतःची.

मावशींच्या घराची किल्ली बोरकर वहिनींकडेच, तुळशीला पाणी घालायला. उघडलं. स्वयंपाकघरात फळीवर एक पाकीट. एकच. डबे पाहिले, फ्रिज पाहिला, देवघराखालचं कपाट पाहिलं.

बोरकर वहिनी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. ‘मावशी म्हणत होत्या खऱ्या. शिवरात्रीला बस जिथं थांबेल तिथं सगळ्यांसाठी भगर करीन म्हणे. आपल्या इकडची खाऊ घालीन.’

बसमध्ये किती लोक?

‘चाळीस तरी.’

अर्ध्या किलोत चाळीस जणांना प्रसाद म्हणून दोन-दोन चमचे येतात. हिशेब मी तिथेच केला, नको असताना.

७ मार्च, गुरु.

मावशी, यजमान, दोघांचे फोन बंद. परिक्रमेत फोन वापरायचा नाही असा मावशींनी नेम केला आहे, हे आज वहिनींना आठवलं. यजमानांचा घरीच, ड्रॉवरमध्ये निघाला.

वहिनींनी शोधून बसवाल्या मॅनेजरचा नंबर दिला. सकाळपासून १४ वेळा. रेंज नाही. बडवानीच्या पुढे नसतेच म्हणतात. मेसेज मराठीत एक, हिंदीत एक. मानकर काकांना काय झालं तेही लिहिलं, म्हणजे थट्टा वाटू नये.

दु. ४.५०. लागला. मागे घंटा वाजत होत्या.

‘हाँ बोलिए.’

मी एका दमात सगळं सांगितलं. भगर, कोदो, वानखेडे, कल मत पकाने देना.

‘अच्छा अच्छा. वानखेडे माताजी. बता देंगे.’

म्हटलं, त्यांना फोन द्या, दोन मिनिटं.

‘अभी तो सब आरती में हैं भैया. बता देंगे ना.’

म्हटलं, भैया, जहर है समझो.

‘हाँ हाँ, बता दें—’

तुटला. नंतर लागला नाही.

काकू जवळच उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘सांगेल तो. एवढं ऐकलं ना त्यानं.’ मग मी ऐकलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणाल्या, सांगेल.

८ मार्च, शुक्र. महाशिवरात्र.

सकाळी ७. आईनं पूजा केली. उपासाला रताळी. काकूंकडे आलो, दुकान बंद आहे, पण त्यांनी कॉम्प्युटर लावू दिला.

सकाळपासून रेकॉर्ड नीट करतो आहे. मर्ज उलटत नाही, तर नवीन आठ कस्टमर तयार केले. नावाच्या जागी नाव, क्वार्टर नंबर. खाली नोंदीत काकूंचं जसंच्या तसं: गेटजवळची पहिली. शिवणवाली. मराठी शिकून राहिली ती. बाळंतीण. नवीन सून, कुंडमची, कोदो ओळखते. पपईचं झाड होतं तिथली, आता खोड. फोन नंबर सगळ्यांचा तोच, मावशींचा. एकच नंबर नऊदा दिसतो. राहू दे.

मधल्या दीड महिन्यातले नवीन धरून यादी हजाराच्या वर गेली. रा. दा. ना कळवलं. ते म्हणाले, जाऊ दे.

मॅनेजर: ८, ८.३०, ९, ९.३०, १०. रेंज नाही. मेसेजवर एकच खूण, म्हणजे पोचला नाही.

काकू आंघोळ करून आल्या, माझ्यामागे उभ्या राहून यादीकडे बघू लागल्या. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, मी मोठ्यानं वाचून दाखवली. म्हणाल्या, ‘मावशीसमोर पण लाव ना ते कळवलं. सांगितलं तर आहे आपण.’

मी म्हटलं, मॅनेजरला सांगितलं. मावशींनी म्हटलं नाही.

‘म्हणजे नाही लावत?’

नाही लावत.

त्या बसल्या. मग त्यांनीच फोन घेतला आणि पुन्हा लावून पाहिला.

सकाळी ११.१५. हिशेब.

दुसऱ्या पोत्याची पाकिटं ६०.
कपाटातली १२. आईचं १. तेराही काल कुंडमच्या बसनं रामसिंग भैयांना परत.
विकलेली ४७.
शिजवलेली २ (मानकर काका, ठेंगडी आजी-आजोबा, तिघंही आता बरे).
गावातून परत आणलेली १९.
इस्टेटमधून १०.
बाहेरगावी फेकलेली १५, फोटो सगळे आले.
एकूण ४६.

फिल्टर: कोदो भगर. १४ फेब्रुवारी व नंतर. ‘कळवलं’ नाही.

निकाल: १.